दवाखान्याची इमारत ‘वाढत्या अंगाची’ हवी! नवं आरोग्य केंद्र बांधताना गावानं काय पाहावं?

महागाव : शाळेत जाणाऱ्या पोराला ड्रेस शिवताना आई शिंप्याला सांगते, “वाढत्या अंगाचा शिवा.” शिंपी खालच्या बाजूला थोडं कापड दुमडून ठेवतो. पुढच्या वर्षी तेवढी शिलाई उसवली की तोच ड्रेस पुन्हा अंगाला येतो. घरातलं हे साधं शहाणपण सरकारी दवाखान्याच्या इमारतीत मात्र क्वचितच दिसतं. उपकेंद्र असो की प्राथमिक आरोग्य केंद्र, इमारत एकदा उभी राहिली की तीस-चाळीस वर्षं तीच वापरावी लागते. तेवढ्या काळात आजार बदलतात, औषधं बदलतात, योजना बदलतात. खोल्या मात्र त्याच राहतात. मग व्हरांड्यात टेबल टाकून बीपी मोजावा लागतो आणि औषधाचे खोके जागा मिळेल तिथं रचावे लागतात.

आपल्या तालुक्यासाठी हा विषय कागदावरचा नाही. इकडे पैनगंगा आणि पूस नदीचा पूर, तिकडे कपाशीवरची फवारणी. पावसाळ्यात साप-विंचू, उन्हाळ्यात उष्माघात, हिवाळ्यात ऊसतोडीला आलेली कुटुंबं. फुलसावंगी असो, काळी दौलतखान असो की एखादा आडबाजूचा तांडा, यवतमाळचं मेडिकल सगळ्यांनाच लांब. पेशंट आधी जवळच्या दवाखान्याच्या ओपीडीतच येतो. तिथं पहिला अर्धा तास नीट गेला तर पुढचं बरंच टळतं. म्हणून ती ओपीडी कशी बांधली आहे, हे गावानं समजून घेतलेलं बरं.

ओपीडी म्हणजे काय आणि ती कोणासाठी?

ओपीडी म्हणजे बाह्यरुग्ण विभाग. यायचं, केस पेपर काढायचा, डॉक्टरांना दाखवायचं, गोळ्या घ्यायच्या आणि घरी जायचं. भरती व्हायचं काम नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

सरकारी मापानं मैदानी भागात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं लागतं. आदिवासी आणि डोंगरी भागात हेच माप ३,००० आणि २०,००० आहे. त्याच्या वर ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय. म्हणजे एका आरोग्य केंद्राच्या दोन-चार खोल्यांवर पाच-पंचवीस गावांचा भार असतो. बाजाराच्या दिवशी ही गर्दी आणखी वाढते, कारण लोक बाजार आणि दवाखाना एकाच फेरीत उरकतात.

आजार बदलले, रांग तीच राहिली

जुनी आरोग्य केंद्रं बांधली गेली तेव्हा मुख्य कामं होती बाळंतपण, कुटुंब नियोजन, लसीकरण, हिवताप, हगवण आणि कुष्ठरोग. माणूस आजारी पडला की यायचा, बरा झाला की परत येत नसे. इमारतीचा नकाशाही तसाच असे. डॉक्टरांची एक खोली, इंजेक्शनची एक, औषधाची एक खिडकी आणि बाहेर बाक.

आता चित्र वेगळं आहे. देशातल्या आजारांचा मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १९९० मध्ये दर १०० मृत्यूंपैकी सुमारे ३८ मृत्यू हृदयविकार, लकवा, शुगर, कॅन्सर, दमा अशा न पसरणाऱ्या आजारांनी होत होते. २०१६ मध्ये हा आकडा सुमारे ६२ वर गेला.

बीपी-शुगरचा पेशंट रूढ अर्थानं आजारी नसतो. तो चालत येतो, त्याला दर महिन्याला गोळ्या पाहिजे असतात आणि वर्षानुवर्षं यायचं असतं. पण त्याला उभं करतो आपण तापाच्या आणि खोकल्याच्या रांगेत. दोन-तीन तास गेले की त्या दिवसाची मजुरी बुडते. दोन वेळा बुडाली की तिसऱ्या महिन्यात माणूस येतच नाही. गोळ्या बंद होतात, आणि कधीतरी एक दिवस लकवा मारतो. त्यामुळं वेगळी रांग, वेगळं टेबल आणि बीपी मोजायला एक शांत कोपरा यालाही औषधाइतकंच महत्त्व आहे.

केंद्र सरकारनं २०१८ पासून उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांचं रूपांतर आरोग्यवर्धिनीत सुरू केलं. २०२३ च्या अखेरीस त्यांचं नाव ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ झालं. कामाची यादी १२ प्रकारच्या सेवांपर्यंत गेली. त्यात बीपी-शुगर आणि कॅन्सरची तपासणी, डोळे, कान-नाक-घसा, दात, म्हाताऱ्या माणसांची काळजी, मानसिक आजार हे सगळं आलं. विदर्भात सिकलसेलची तपासणीही महत्त्वाची आहे. शिवाय ई-संजीवनीवर मोबाईल किंवा कॉम्प्युटरवरून मोठ्या डॉक्टरांचा सल्ला मिळतो. यादी वाढली, पण भिंती सरकल्या नाहीत.

तीन वर्षं, तीन धडे

इमारत का बदलता आली पाहिजे, हे समजायला आपल्या जिल्ह्यानं पाहिलेली तीन संकटं पुरेशी आहेत.

२०१७ : त्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला आणि शेकडो जणांना भरती करावं लागलं. अशा पेशंटचे भिजलेले कपडे आधी काढावे लागतात आणि अंग साबण-पाण्यानं धुवावं लागतं. कारण कातडीवाटे विष आत जातच राहतं. आता सांगा, किती दवाखान्यांत दारापाशी नळ, आडोसा आणि पाणी वाहून जायला उतार आहे? अंग धुवायला पेशंटला आतल्या संडास-बाथरूमपर्यंत न्यायचं म्हटलं तर वेळ जातो आणि वाटेतल्या लोकांनाही ते विष लागायचा धोका असतो. औषधफवारणीच्या भागातल्या ओपीडीला बाहेरच्या बाजूनं धुण्याची जागा हवीच. ती उरलेल्या महिन्यांत हातपाय धुवायला वापरता येते.

२०२०-२१ : कोरोना आला तेव्हा तापाचे पेशंट वेगळे बसवा, असा आदेश निघाला. पण दार एकच, व्हरांडा एकच. मग मंडप टाकावे लागले. १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं तेव्हा तीन जागा लागत होत्या. थांबायची खोली, लस टोचायची खोली आणि नंतर अर्धा तास लक्ष ठेवायची खोली. बऱ्याच गावांत त्यासाठी शाळा वापराव्या लागल्या. शाळेला ते जमलं, कारण शाळेच्या खोल्या एकाच मापाच्या असतात, प्रत्येकीला बाहेरून दार असतं आणि पुढं लांब व्हरांडा असतो. यातच अर्धं उत्तर आहे.

२०२३ : २२ जुलैला आपल्याच तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुरानं वेढलं. अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरची मदत मागवावी लागली. अशा वेळी दवाखानाच पाण्यात असेल तर लोकांनी जायचं कुठं? नदीकाठच्या गावात दवाखान्याचं जोतं आतापर्यंतच्या सर्वांत मोठ्या पुराच्या खुणेपेक्षा वर असलं पाहिजे. ही खूण इंजिनिअरपेक्षा गावातल्या म्हाताऱ्यांना जास्त नेमकी ठाऊक असते. लाईटचे बोर्ड, बॅटरी आणि लसीचा फ्रिज उंचावर घ्यायलाही फार पैसे लागत नाहीत.

वाढत्या अंगाची इमारत म्हणजे काय?

इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकात जॉन वीक्स नावाच्या आर्किटेक्टनं यावर बराच विचार केला. त्याचं म्हणणं सोपं होतं. दवाखान्याला उद्या काय लागेल हे आज कोणालाच सांगता येत नाही, मग इमारत अंगाला घट्ट बसणारी कशाला शिवायची? लंडनमधल्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलमध्ये त्यानं मधोमध एक लांब रस्ता ठेवला आणि दोन्ही बाजूंना विभाग मांडले. प्रत्येक विभागाचं बाहेरचं टोक मोकळं ठेवलं, म्हणजे ज्याला वाढायचं त्यानं तिकडून वाढावं. आपल्या गावाची रचनाही अशीच असते. मधून रस्ता आणि दोन्ही बाजूंना घरं, ज्याचं कुटुंब वाढतं तो मागच्या बाजूला खोली काढतो.

आपल्या आरोग्य केंद्राला यातल्या पाच गोष्टी सहज लागू होतात.

पहिली, पिलर-बीमची इमारत. स्लॅबचा भार पिलरवर असला की आतली भिंत फक्त आडोसा असते. ती पाडून दोन खोल्यांची एक करता येते किंवा एकीच्या दोन करता येतात. भार भिंतींवरच असेल तर एकही भिंत हलवता येत नाही.

दुसरी, सारख्या मापाच्या खोल्या. एक खोली मोठी, दुसरी कोंदट, तिसरी जिन्याखाली असं नको. सगळ्या तपासणीच्या खोल्या एकाच मापाच्या, प्रत्येकीत हात धुवायचं बेसिन, पुरेसे प्लग आणि खिडकी. मग आज जिथं गरोदर बायांची तपासणी होते, तिथं उद्या दात किंवा डोळे तपासता येतात. दारावरची पाटी रंगवण्यापेक्षा अडकवायची ठेवा.

तिसरी, पाण्याची कामं एका बाजूला. संडास, बाथरूम, लॅब, भांडी-उपकरणं धुण्याची जागा एका रांगेत घेतली की पाईप आणि ड्रेनेज एकाच बाजूला राहतं. उरलेली बाजू हवी तशी बदलता येते. इमारतीभर पाईप पसरले की प्रत्येक बदलाला फरशी फोडावी लागते.

चौथी, एक बाजू वाढीसाठी मोकळी. टाकी, जनरेटर, क्वार्टर, सायकल स्टँड असं चारही बाजूंनी घेरलं की इमारतीचं अंग वाढायचं थांबतं. ज्या बाजूला व्हरांडा संपतो ती बाजू रिकामी ठेवावी. पुढं मजला चढवायचा असेल तर पायाही आजच तेवढा भक्कम घ्यावा लागतो.

पाचवी, दोन दारं. एक नेहमीचं आणि एक ताप-खोकल्याच्या पेशंटसाठी. नेहमीच्या दिवसांत दोन्ही उघडी राहतील. साथ आली की एका मधल्या दारानं इमारतीचे दोन भाग करता येतील. ॲम्ब्युलन्स थेट तातडीच्या खोलीच्या दारापाशी लागली पाहिजे. आणि रॅम्प? एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार, हे माप लक्षात ठेवा. त्यापेक्षा उभा रॅम्प म्हातारीच्या कामाचा नाही, तो नुसता फोटोसाठी.

खिडकी हेही औषध

टीबीचे जंतू हवेतून पसरतात. कोंदट खोलीत पंधरा जण बसले आणि त्यातला एक खोकत असला तर बाकीच्यांना धोका असतो. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात लिमा शहराच्या दवाखान्यांतली हवा मोजून केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या की खोलीतली हवा तासाला सुमारे २८ वेळा बदलत होती. यंत्रानं हवा खेळवणाऱ्या खोल्यांत ती सुमारे १२ वेळाच बदलत होती. उंच छत आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती नव्यांपेक्षा सरस ठरल्या.

म्हणून समोरासमोर खिडक्या, उंच छत आणि बाहेर ओसरीवर बसायची सोय. विदर्भाच्या उन्हात ओसरीवर नुसती टिनं टाकली तर खाली भट्टी होते. टिनाखाली सीलिंग किंवा आजूबाजूला झाडं लागतातच. खोकणाऱ्या पेशंटनं बाहेर, वाऱ्याच्या बाजूला बसावं, एवढी शिस्त लावली तरी फरक पडतो.

सगळंच बदलतं ठेवायचं नाही

‘एक मोठा हॉल बांधा, त्यात सगळं होईल,’ असंही काही जण म्हणतील. ते चुकीचं आहे. प्रसूतीची खोली ही प्रसूतीचीच राहिली पाहिजे, तिथं खोके ठेवायचे नाहीत की मीटिंग घ्यायची नाही. लसी २ ते ८ अंशात ठेवाव्या लागतात. त्या खोलीची वीज आणि कुलूप वेगळं हवं. औषधाचं स्टोअर कोरडं हवं. तातडीच्या खोलीतली खाट सिस्टरच्या नजरेसमोर हवी, कारण साप चावलेल्या माणसावर लस दिल्यावरही बराच वेळ लक्ष ठेवावं लागतं.

आणि एक खोली दार लावून बोलता येईल अशी. पाळीचा त्रास, गर्भपिशवीचा आजार, दारूचं व्यसन, जीव नकोसा झाल्याचे विचार, घरातली मारहाण या गोष्टी रांगेतल्या चार माणसांसमोर कोणी सांगत नाही. आपल्या जिल्ह्यात शेतकरी आत्महत्यांचं दुखणं किती जुनं आहे, ते सांगायला नको. मन मोकळं करायला दवाखान्यात आडोसा नसेल तर बाई आणि माणूस दोघंही ‘काही नाही, अंग दुखते’ एवढंच सांगून गोळी घेऊन जातात.

आधी लोकांना विचारलं

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं दवाखाना बांधायच्या आधी गोंड आदिवासींना विचारलं, तुम्हाला दवाखाना कसा हवा? मोठ्या पक्क्या इमारतीत जायची भीती वाटते आणि सोबतच्या नातेवाइकांना तिथं राहता येत नाही, अशा लोकांच्या अडचणी होत्या. मग दवाखानाच आदिवासी गावासारखा, झोपड्यांसारख्या छोट्या-छोट्या घरांचा उभा राहिला. १९९३ मध्ये तो सुरू झाला आणि त्याला मां दंतेश्वरी देवीचं नाव दिलं गेलं.

प्रत्येक गावानं झोपड्या बांधाव्यात असा याचा अर्थ नाही. पण सुटी-सुटी घरं असली की एक वाढवता येतं, एक बदलता येतं, बाकीचं काम थांबत नाही. आणि विचारून बांधलेल्या दवाखान्यात लोक बिनधास्त येतात. आपल्या तांड्यावरच्या बायांना, गावातल्या म्हाताऱ्यांना, आशाताईला नकाशा दाखवून कोणी विचारलं का, हा प्रश्न महागाव तालुक्यातही विचारायला हरकत नाही.

जुनी इमारत असेल तर?

नवी इमारत मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. काही बदल जवळजवळ फुकटात होतात.

वाराचं वेळापत्रक लावा. एकच खोली सोमवारी बीपी-शुगरला, लसीकरणाच्या दिवशी लहान मुलांना, महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांच्या तपासणीला. पाटी मोठ्या अक्षरांत दाराबाहेर लावा. बीपी-शुगरवाल्यांना महिनाभराच्या गोळ्या जवळच्या उपकेंद्रातच मिळाल्या तर मुख्य ओपीडीची रांग आपोआप कमी होते. उच्च रक्तदाबाच्या राष्ट्रीय उपक्रमात शेजारच्या वर्धा जिल्ह्यासह राज्यातल्या चार जिल्ह्यांत पहिल्यांदा हेच तत्त्व वापरलं गेलं.

बंद पडलेलं सामान, तुटक्या खाटा, जुने कागद यांनी अडवलेली खोली मोकळी करा. नियमानुसार निर्लेखन करून सामान हलवता येतं. चाकांचे पडदे आणले की एका खोलीत दोन आडोसे होतात. छपरावर सोलर बसलं तर लाईट गेली तरी कॉम्प्युटर आणि लसीचा फ्रिज चालू राहतो.

अर्थात, भिंती कितीही चांगल्या बांधल्या तरी डॉक्टर, सिस्टर आणि औषध नसेल तर ते गोडाऊनच. इमारतीची मागणी करताना रिक्त पदांची मागणी मागं पडू देऊ नका. दोन्ही एकाच ठरावात लिहा.

बोलायचं कुठं?

उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असतात, ग्रामीण रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाकडे. उपकेंद्र पातळीवरच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात जन आरोग्य समिती असते आणि तिचं अध्यक्षपद सरपंचाकडे असतं. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती असते. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी देशभरातल्या स्थानिक संस्थांच्या आरोग्यकामांना ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली होती. त्यात इमारत नसलेल्या उपकेंद्रांच्या बांधकामाचाही समावेश होता. पैसा अशा वाटांनी येतो. नकाशा मात्र बहुतेक वेळा ठरलेल्या नमुन्याचा असतो. त्यात गावाप्रमाणे बदल हवा असेल तर तो काम सुरू व्हायच्या आधी सांगावा लागतो. स्लॅब पडल्यावर सांगून उपयोग नाही.

ग्रामसभेत विचारा हे आठ प्रश्न

१. इमारत पिलरवर आहे की भिंतींवर? आतली भिंत उद्या हलवता येईल का?
२. वाढीसाठी कोणती बाजू मोकळी ठेवली आहे?
३. जोतं मोठ्या पुराच्या खुणेपेक्षा किती वर आहे? पावसाळ्यात रस्ता चालू राहतो का?
४. ताप-खोकल्याच्या पेशंटसाठी वेगळं दार आणि बसायची हवेशीर जागा आहे का?
५. फवारणीची विषबाधा झालेल्या माणसाचं अंग धुवायला बाहेर पाणी आणि आडोसा आहे का?
६. दार लावून बोलता येईल अशी एक खोली आहे का?
७. रॅम्पचा उतार एकाला बारा आहे का? बायांसाठी वेगळं, पाणी असलेलं संडास आहे का?
८. लाईट गेल्यावर लसीचा फ्रिज आणि इंटरनेट कशावर चालेल?

उत्तरं तोंडी घेऊ नका. प्रश्न ठरावात लिहा, ग्रामपंचायतीकडून ठरावाची नक्कल घ्या आणि ती जिल्हा परिषदेच्या आरोग्य आणि बांधकाम विभागाला पाठवा. नकाशा आणि इस्टिमेट दाखवलं जात नसेल तर माहितीच्या अधिकारात मागता येतं. आणि एक करा, तुमच्या गावातल्या दवाखान्यात पुढच्या खेपेला गेलात की रांगेत उभं असताना आजूबाजूला नजर फिरवा. आठपैकी किती प्रश्नांची उत्तरं ‘हो’ येतात, ते तिथंच मोजता येईल.